कायद्याची ओळख घरोघरी व्हावी

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, तेथे आठवडे बाजार भरला होता. भिक्षुकीसाठी गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि बेदम मारहाण करून त्यांचा जीव घेतला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाच्या झोळीत आपल्या आयाबहिणींनी सुपातले धान्य घातले, त्याच समाजाची माणसे आपल्या खानदेशात अशी मारली गेली!

या घटनेनंतर अफवांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु अफवेइतकेच घातक होते ते कायद्याविषयीचे अज्ञान. केवळ संशयावरून कोणालाही पकडण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला नाही. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला, अथवा ती व्यक्ती न्यायालयाने घोषित केलेला फरारी असेल, तरच नागरिक तिला पकडू शकतो. त्यानंतर तिला विनाविलंब पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर त्यासाठी सहा तासांची मर्यादा घातली आहे. शिवाय पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव समान उद्देशाने गुन्हा करतो, तेव्हा त्या जमावातील प्रत्येक जण दोषी ठरू शकतो. ‘मी स्वतः काठी उगारली नव्हती’ हा बचाव तेथे पुरेसा होत नाही. बाजारात आलेल्या किती तरुणांना हे ठाऊक होते?

यावर कोणी म्हणेल, ‘कायद्याच्या मार्गाने न्याय मिळायला आयुष्य सरते.’ हा आक्षेप खोटा नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणात फिर्याद दाखल झाली २००६ साली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. तेरा वर्षे लोटली. मात्र एका लेखी फिर्यादीने सुरू झालेले ते प्रकरण निकालापर्यंत पोहोचले आणि ज्यांना शिक्षा झाली त्यांनाही वरच्या न्यायालयात अपिलाचा मार्ग मोकळा राहिला. राईनपाड्याच्या त्या पाच जणांना अपील कोठे करता आले? न्यायालयाची चूक दुरुस्त होऊ शकते. जमावाची चूक कधीच दुरुस्त होत नाही.

म्हणून कायद्याची प्राथमिक ओळख हा केवळ वकिलांचा विषय न राहता संस्काराचा भाग झाला पाहिजे. त्यासाठी जाडजूड ग्रंथ वाचण्याची आवश्यकता नाही. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील बांधव यांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी हे प्राधिकरण आहे. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. एवढे जरी प्रत्येक घरात ठाऊक असले, तरी कितीतरी अन्याय टळतील.

कार्यकर्त्यांनी येथे पुढाकार घ्यावा. आपल्या परिचयातील वकिलाला महिन्यातून एकदा वस्तीत, पाड्यावर, गणेशोत्सवाच्या मंडपात बोलवावे. लोकांना त्यांचे हक्क सांगताना मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगाव्यात. पुढच्या वेळी एखाद्या बाजारात अफवा उठेल, तेव्हा ‘थांबा, आधी पोलिसांना बोलवा’ असे म्हणणारा एक तरी माणूस त्या गर्दीत असावा. तो माणूस आपल्या घरात घडवू या.