मनातला ‘च’ इंग्रजीत कसा आणाल?

नोकरीच्या मुलाखतीत शिक्षण आणि अनुभवाचे प्रश्न संपले की बरेचदा एक साधा वाटणारा प्रश्न येतो, ‘व्हॉट इज इम्पॉर्टंट टू यू?’ म्हणजे तुमच्या लेखी महत्त्व कशाला? परदेशात वाढलेल्या मुलाशी लग्नाची बोलणी चालू असतील, तर तोही हेच विचारतो. अशा वेळी बऱ्यापैकी इंग्रजी येणारी मुलगीदेखील ‘ऑनेस्टी, हार्ड वर्क, फॅमिली’ असे तीन शब्द सांगून गप्प बसते. उत्तर चुकीचे नसते, पण ते कुणाचेही असू शकते. ऐकणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

मराठीत आपली अशी अडचण होत नाही, कारण मदतीला ‘च’ असतो. ‘मी आईवडिलांना सांभाळते’ हे साधे वाक्य घ्या. ‘मीच सांभाळते’, ‘आईवडिलांनाच सांभाळते’, ‘सांभाळतेच’. ‘च’ ज्या शब्दाला चिकटेल, तिथे जोर येतो. इंग्रजीत असे अक्षर नाही. म्हणून आपण त्याच्या जागी ‘ओन्ली’ बसवतो, ‘आय लुक आफ्टर माय पेरेंट्स ओन्ली’. हे आपल्याला समजते. पण परक्या माणसाला वाटते, ही आईवडिलांखेरीज कुणाकडे बघतच नाही!

इंग्रजी बोलणारा एक तर आवाजाने जोर देतो, नाही तर वाक्याची मांडणीच बदलतो. एका वाक्याचे दोन तुकडे करून हव्या त्या शब्दावर प्रकाश टाकण्याच्या या पद्धतीला डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९३७ साली ‘क्लेफ्ट सेंटेन्स’, म्हणजे दुभंगलेले वाक्य, असे नाव दिले. नाव अवघड असले तरी वापर सोपा आहे.

पहिले उत्तर ‘व्हॉट’ने

कुणी मोकळेपणाने विचारले असेल, तर सुरुवात ‘व्हॉट’ने करा. ‘व्हॉट मॅटर्स मोस्ट टू मी इज लुकिंग आफ्टर माय पेरेंट्स.’ इथे महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ऐकणारा तिची वाट पाहतो. बोलणाऱ्यालाही विचार करायला दोन क्षण मिळतात.

या वाक्यात दोन चुका नेहमी होतात. ‘व्हॉट डू आय व्हॅल्यू इज...’ हे चूक, कारण हा प्रश्न नाही. ‘व्हॉट आय व्हॅल्यू इज...’ म्हणा. दुसरी चूक म्हणजे मध्येच ‘इट’ घुसवणे. ‘व्हॉट आय व्हॅल्यू इट इज...’ असे कधीही म्हणू नका.

गैरसमज दूर करायला ‘इट’

समजा, तुम्ही पुण्याची नोकरी सोडून नागपूरला परत आलात आणि समोरच्याला वाटते, पगार कमी पडला असेल. तेव्हा सांगा, ‘इट वॉज माय पेरेंट्स हेल्थ दॅट ब्रॉट मी बॅक.’ म्हणजे मला परत आणले ते आईवडिलांच्या प्रकृतीने, पगाराने नव्हे. या मांडणीत ‘हे, ते नव्हे’ असा अर्थ लपलेला असतो. म्हणून कुणी काही गैरसमज करून घेतलेला नसेल, तर ती उगाच वापरू नये.

‘इट्स मी हू...’ म्हणजे ‘मीच ते करते’ हे वाक्य तर फार जपून वापरा. भावंडांसमोर ते टोमण्यासारखे लागते आणि मुलाखतीत बढाईसारखे.

शंकेला उत्तर ‘डू’ने

‘लग्नानंतर माहेरची जबाबदारी तुम्ही घेणार नाही ना?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. खरे तर ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलाप्रमाणे मुलीवरही टाकली आहे. पण बैठकीत कायदा सांगितला, तर बोलणे तिथेच तुटते. नुसते ‘आय विल’ म्हटले तर ते तुटक वाटते. त्यापेक्षा शांतपणे म्हणा, ‘आय डू इन्टेन्ड टू लुक आफ्टर देम.’ हाच आपला ‘सांभाळणारच’. जोर ‘डू’वर द्या, पण आवाज चढवू नका. निर्धार कळतो आणि समोरच्याचा अपमानही होत नाही.

मात्र कुणी शंका घेतलेली नसताना ‘आय डू लव्ह माय फॅमिली’ म्हटले, तर ऐकणाऱ्यालाच शंका येते! शिवाय ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ यांच्याबरोबर विधानात ‘डू’ चालत नाही. ‘आय डू अ‍ॅम सिन्सिअर’ चूक. ‘आय अ‍ॅम सिन्सिअर’ म्हणताना ‘अ‍ॅम’वर जोर द्यावा.

‘नेव्हर वुड आय साइन अ फॉल्स बिल’ अशी उलटी वाक्ये भाषणात शोभतात. घरच्या बोलण्यात ती नाटकी वाटतात.

आधी मराठीत ठरवा

जोर एकाच ठिकाणी द्या. प्रत्येक वाक्य ‘व्हॉट’ने सुरू केले, तर कशालाच महत्त्व उरत नाही. आणि जोराच्या वाक्यापाठोपाठ एक साधे, खरे वाक्य हवेच, ‘आय सेंड मनी होम एव्हरी मंथ.’ दर महिन्याला घरी पैसे पाठवते, एवढेच. या साध्या वाक्यामुळेच पहिल्यावर विश्वास बसतो.

सरावासाठी आज रात्री वहीत तीन मराठी वाक्ये लिहा, ज्यांत तुमच्या मनातला ‘च’ आहे. तो नेमका कोणत्या शब्दाला चिकटला आहे ते पाहा आणि मगच इंग्रजीची मांडणी निवडा. कदाचित ‘च’ कुठे लावायचा हेच चटकन ठरणार नाही. तसे झाले तर घाई करू नका. अडचण इंग्रजीची नाही. आपल्याला सर्वांत मोलाचे काय, हे अजून ठरायचे आहे, आणि ते मुलाखतीच्या किंवा लग्नाच्या बैठकीत बसण्यापूर्वी घरीच ठरलेले बरे.