बोटाएवढी केबल

आमच्या पनवेलच्या सोसायटीच्या सभेत परवा पाऊण तास वाद झाला तो प्रवेशद्वाराच्या रंगावरून. फायर पंपाच्या कंट्रोल केबलला दोन मिनिटे पुरली. ‘बोटाएवढी तर वायर, स्वस्तातली घ्या,’ असे कुणीतरी म्हणाले आणि ठराव मंजूर! सबस्टेशनांत उभी हयात घालवलेला मी मात्र गप्प बसलो. त्याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याला विजेचे अप्रूप आहे ते तिच्या मोठेपणाचे. इथून जवळच, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला १९१५ साली वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. उंच टॉवर सगळ्यांना दिसतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या केबल मात्र चरात, फरशीखाली पडून असतात. मोठ्या तारा म्हणजे रक्तवाहिन्या, तर कंट्रोल केबल म्हणजे मज्जातंतू. बोट भाजल्याचे मेंदूला कळलेच नाही, तर हात मागे येणार कसा?

साधा हिशेब पाहा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.५ ओहम. यार्डातला करंट ट्रान्सफॉर्मर १०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे दीड ओहम. तो ५ अँपिअरचा असेल, तर नुसत्या केबलचाच भार सुमारे ३७ व्होल्ट-अँपिअर. १ अँपिअरचा असेल, तर जेमतेम दीड! हा विचार आधी झाला नाही, तर ऐन बिघाडात रिलेला खरा प्रवाह कळत नाही. मग एका फीडरचा बिघाड तिथेच न थांबता अर्ध्या गावाला अंधारात लोटतो.

आमच्या पंपाची गोष्ट निराळी नाही. पनवेलच्या पावसात चरात पाणी साचते; आवरण निकृष्ट असेल तर ते केबलमध्ये शिरणारच. आग लागली तर पहिली जळेल ती हीच केबल, आणि धडधाकट पंप जागचा हलणार नाही. तेव्हा आधी अंतर मोजावे, व्होल्टेज किती पडेल ते काढावे, आगीत तग धरणारी केबल ठरवावी. दरपत्रके त्यानंतर उघडावीत.

पुढच्या सभेत मी हे उभे राहून सांगणार आहे. रंगाचा विषय खुशाल शेवटी घ्या.