इमारतीचाही केसपेपर हवा

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या द्वारका परिसरातील महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. वॉर्डांत जाणाऱ्या ऑक्सिजनचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ कोरोनाबाधितांचा जीव गेला. खाटेपर्यंत ऑक्सिजन पोहोचला नाही, तर डॉक्टर, औषधे आणि व्हेंटिलेटर असून नसल्यासारखे होतात.

अशा वेळी कर्मचाऱ्याला काही उत्तरे तत्काळ लागतात. कोणता व्हॉल्व्ह बंद केला तर कोणत्या वॉर्डाचा पुरवठा तुटेल? पर्यायी जोडणी कुठे आहे? शेवटची तपासणी कधी झाली? बहुतेक जुन्या इमारतींत ही माहिती नकाशांच्या गुंडाळ्यांत, ठेकेदाराच्या फायलीत किंवा एखाद्या जुन्या फिटरच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की माहितीही त्याच्याबरोबर जाते.

‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणजे ‘बीआयएम’ ही पद्धत इथे उपयोगी पडते. कागदी नकाशात नळी म्हणजे नुसती रेषा. बीआयएमच्या संगणकीय प्रतिकृतीत तीच नळी माहितीसह असते: कशाची, केव्हा बसवली, कुठून कुठे जाते, तपासणी कधी. वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर, वीज आणि प्लंबिंगवाले आपापली कामे त्यात जुळवून पाहतात. ऑक्सिजनची नळी एसीच्या डक्टला आडवी येत असेल, तर ते भिंत फोडण्याआधीच पडद्यावर दिसते. त्रिमितीला वेळापत्रक जोडले की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. नागपूर मेट्रोने ही पंचमितीय पद्धत वापरली. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी बीआयएम बंधनकारक केले.

बीआयएममुळे गळती थांबत नाही. केसपेपरनेही ताप उतरत नाही. पण केसपेपरशिवाय उपचार म्हणजे अंदाजपंचे. आणि केसपेपर रोज लिहिला नाही, तर तो दिशाभूलच करतो. म्हणून सरकारी रुग्णालयांच्या निविदेत दोन अटी हव्यात. इमारत ताब्यात देताना प्रत्यक्ष बांधकामाशी जुळणारे मॉडेल द्यावे, आणि पुढचा प्रत्येक बदल त्यात नोंदवणारा जबाबदार माणूस नेमावा.

खर्चाची सबब पुढे येईल. जुन्या रुग्णालयांत सगळी इमारत एकदम नोंदवायची गरज नाही. ऑक्सिजन, वीज आणि अग्निशमन या तीन यंत्रणांपासून सुरुवात करावी. रात्रपाळीच्या सिस्टरला योग्य व्हॉल्व्ह मिनिटभरात सापडला, तर तो खर्च वसूल झाला.