श्वानाचे नाक आणि माणसाची साक्ष

रहस्यकथा वाचणे हे पाप नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. इंग्रजी रहस्यकथेचे नियम ज्यांनी १९२९ साली दहा कलमांत बांधून दिले ते रोनाल्ड नॉक्स कॅथॉलिक धर्मगुरू होते. फादर ब्राऊन या साध्याभोळ्या दिसणाऱ्या धर्मगुरूकडून गुन्ह्यांचा उलगडा करविणारे चेस्टरटन १९२२ साली कॅथॉलिक ख्रिस्तसभेत आले. तेव्हा आमचा आक्षेप वाचनाला नाही. पुस्तक मिटल्यावर जी मते बनतात आणि चारचौघांत बोलली जातात, त्यांना आहे.

या लेखास निमित्त झाली आहे ती व्हर्जिनिया लॅनिअर या अमेरिकन लेखिकेची कादंबरीमाला. वयाची साठी उलटल्यावर या बाईंनी लेखणी हाती घेतली. त्यांची पहिली कादंबरी ‘डेथ इन ब्लडहाऊंड रेड’ १९९५ साली निघाली, सहावी २००३ साली, आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. त्यांची नायिका जो बेथ सिडन जॉर्जिया राज्यात, ओकेफेनोकी नावाच्या अफाट दलदलीच्या परिसरात, ब्लडहाऊंड जातीचे श्वान वाढविते, त्यांना माग काढावयास शिकविते आणि पोलिसांची हाक आली की त्यांना घेऊन धावते. परदेशी गेलेल्या आप्तांच्या सामानातून ही पुस्तके आपल्याही काही घरांत आली आहेत. त्यांविषयी तीन मते आमच्या कानी आली. तिन्हींचा येथे परामर्श घेतो.

पहिले मत असे की, या पुस्तकांत कुत्री फार आणि रहस्य थोडे. हे मत आम्हांस मान्य नाही. श्वानांचे खाणेपिणे, त्यांची निगा, त्यांचे शिक्षण यांची वर्णने हाच या मालेचा सकस भाग आहे. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात. ते वाऱ्याने विखुरतात, ओलाव्याने टिकतात, उन्हाने विरतात. त्यांचा गंध धरून हे जनावर मैलोगणती चालते. अशा कष्टाळू प्राण्याविषयी ममता वाटणे हे आपल्या परंपरेला सोडून नाही. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियास प्रवासास निघतो तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही निघतो. संत रॉक यांच्या पुतळ्याशी भाकरी घेऊन उभा असलेला श्वान आपण सर्वांनी पाहिला आहे. ब्लडहाऊंडला फ्रेंच भाषेत ‘संत ह्युबर्ट यांचा श्वान’ म्हणतात, कारण या जातीचे पूर्वज आर्देनच्या अरण्यातील संत ह्युबर्ट मठात संन्याशांनी जोपासले अशी परंपरा आहे.

दुसरे मत असे की, नायिका प्रसंगी कायदा बाजूला सारते, पण ती सज्जन आहे, म्हणून ते क्षम्य आहे. यावर थोडक्यात सांगतो. कादंबरीत कोण सज्जन हे लेखिकेने आधीच ठरवून दिलेले असते. आपल्या गावात ते कोणी ठरवून दिलेले नाही.

तिसरे मत मात्र सर्वांत लाडके आहे, आणि आमच्या मते सर्वांत घातक. ‘माणूस खोटे बोलेल, मुके जनावर कधीच नाही, श्वानाने दाखविला तो चोर.’ वाक्य मोठे गोड आहे. जनावर खोटे बोलत नाही हेही खरे. पण ते मुळात बोलतच नाही. त्याच्या वतीने बोलतो तो दोर धरणारा माणूस, आणि त्या माणसाला स्वतःच्या समजुती असतात.

२०११ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमली पदार्थ व स्फोटके हुंगणारे १८ श्वान त्यांच्या शिक्षकांसह एका चर्चमध्ये नेले. तेथे शोधण्याजोगा पदार्थ कोठेही ठेवलेला नव्हता. काही ठिकाणी लाल कागद लावून ‘जेथे हा कागद, तेथे गंध’ असे शिक्षकांना सांगण्यात आले होते. तरीही बहुतेक फेऱ्यांत ‘श्वानाने खूण केली’ अशी नोंद शिक्षकांनी दिली. अपेक्षा माणसाची होती; नाव मात्र श्वानाचे झाले.

याचे फळ काय होते ते फ्लोरिडात दिसले. तेथे १९८१ साली एका तरुणास खुनाच्या आरोपावरून जन्मठेप झाली. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात एका श्वानाच्या नाकाचीही साक्ष होती. डीएनए चाचणीमुळे तो २००८ साली सुटला. सत्तावीस वर्षे!

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच, महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात, या प्रश्नाचा विचार केला होता. श्वान साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने शिक्षक जे सांगतो ती ऐकीव गोष्ट ठरते. माणसाचे जीवित आणि स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगू नये, या आक्षेपाचीही तेथे दखल घेतली गेली आणि अशा पुराव्याला न्यायालयाने फारसे वजन दिले नाही.

मग श्वानाचा उपयोगच नाही काय? आहे, आणि तो थोर आहे. दलदलीत हरवलेले मूल श्वानाने शोधले, तर मूल समोर दिसते. श्वानाचे खरेपण तेथेच सिद्ध होते. परंतु ‘हाच अपराधी’ असे जेव्हा त्याच्या तोंडी घातले जाते, तेव्हा पडताळून पाहावयास समोर काहीच नसते. पहिल्या प्रसंगी आपण त्याच्याकडून शोध घेतो, दुसऱ्या प्रसंगी निवाडा. निवाड्यासाठी सद्सद्विवेकबुद्धी लागते, आणि ती परमेश्वराने माणसाला दिली आहे. अनुवादाच्या पुस्तकातील नियमशास्त्र दोघा-तिघांच्या साक्षीवाचून कोणासही दोषी ठरवू देत नाही.

चेस्टरटन यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९२६ च्या संग्रहातील ‘द ओरॅकल ऑफ द डॉग’ या कथेत एक कुत्रा समुद्रकाठी विव्हळतो, एका वकिलावर गुरगुरतो, आणि सुशिक्षित मंडळी त्या गुरगुरण्याला दैवी आरोप समजू लागतात. फादर ब्राऊन मात्र जागचे न हलता, कुत्र्याला केवळ कुत्रा समजून त्याच्या वागण्याचा अर्थ लावतात आणि सत्यापाशी पोहोचतात. वकील निर्दोष असतो. अश्रद्ध माणसे कुत्र्याला देव मानतात आणि धर्मगुरू त्याला कुत्रा मानतो, ही त्या कथेतील गंमत आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावी.

हा वाद केवळ पुस्तकांचा असता तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. चोरी झाली, पोलिसांचा श्वान आला, आळीतून फिरला आणि एखाद्या अंगणात थबकला. कदाचित दमला म्हणून, कदाचित तेथे मासळी वाळत घातली होती म्हणून. श्वान गाडीत बसून निघून जातो. त्या घराचे नाव मात्र विहिरीवर, बाजारात, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर घेतले जाते. पोलीस त्या घराला दोषमुक्त ठरवतात तोवर मुलीची सोयरीक मोडलेली असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा केवळ न्यायालयात उभ्या राहणाऱ्यांसाठी नाही. पायऱ्यांवर उभे राहणाऱ्यांसाठीही आहे.

लॅनिअर बाईंची पुस्तके अवश्य वाचावीत. त्यातील श्वानांवर माया करावी. पण आपल्या आळीत श्वान कोणाच्या दारी थबकला, तर ‘येथे श्वान थबकला’ एवढेच खरे आहे हे लक्षात ठेवावे. पुढचे वाक्य तपास पूर्ण होईपर्यंत उच्चारू नये, आणि दुसरा उच्चारू लागला तर त्यास थांबवावे.