यंत्र आमचे, मग त्याच्या दुखण्याचे निदान कंपनीच्या कुलुपात का?



ऐन हंगामात ऊसतोडणीचे यंत्र फडात उभे राहते. इंजिन चालू असते, ऑईलचा थेंब कुठे गळत नाही. पण यंत्र पुढे सरकत नाही, सरकले तरी बैलाच्या चालीनेसुद्धा नाही. समोरच्या पडद्यावर एक कोड लुकलुकतो. ट्रान्समिशनचे प्रेशर कमी, एवढाच त्याचा अर्थ. डीलरला फोन केला तर उत्तर मिळते की लॅपटॉपवाला इंजिनिअर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, परवा येईल. तोवर गाडीत भरलेल्या कांड्या खराब होतात. यंत्राने तुकडे केलेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर नासतो. कारखान्याची पाळी जाते. बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही. (उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो किती पाळला जातो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.)

गेल्या हंगामात आमच्या एका कार्यकर्त्याच्या यंत्राचे असेच झाले. तिसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, लॅपटॉप जोडला आणि पंप बदलावा लागेल म्हणाला. खर्च लाखांत. गावातल्या मिस्त्रीने मात्र हट्ट धरला की आधी गेज लावा. गेज लावला तर प्रेशर बरोबर! बिघाड सेन्सरच्या कपलरमध्ये होता. पाणी आणि चिखल जाऊन पिना हिरव्या पडल्या होत्या.

हे तंत्र अवघड नाही, म्हणूनच ते इथे सविस्तर मांडतो. अशा यंत्रात इंजिन पंप फिरवते आणि पंपाचे ऑईल चाकाच्या मोटारी फिरवते. या मुख्य पंपाला सतत भरलेले ठेवणारा एक छोटा पंप असतो, त्याला चार्ज पंप म्हणतात. त्याचे प्रेशर साधारण २० ते ३० बार. नेमका आकडा यंत्राच्या मॅन्युअलमध्ये असतो. ते घसरले तर मुख्य पंप घासून निकामी होईल, म्हणून सेन्सर प्रेशरवर नजर ठेवतो आणि कंट्रोलर यंत्राचा वेग तोडतो. सोय चांगली आहे. पण कंट्रोलरला प्रेशर दिसत नाही, त्याला दिसतात फक्त सेन्सरकडून येणारे व्होल्ट. सेन्सर खोटे बोलला की धडधाकट यंत्रही आजारी ठरते.

म्हणून पहिला प्रश्न एकच: प्रेशर खरेच कमी आहे की नुसते कमी दिसते? आधी ऑईलची पातळी आणि फिल्टर पाहावा. मग इंजिन बंद करून, प्रेशर उतरल्यावर, चार्ज प्रेशरच्या टेस्ट पोर्टला साधा काट्याचा गेज जोडावा. मुख्य सर्किटला तो कधीही लावू नये. तिथे शेकडो बार असतात, आणि गळती हाताने चाचपली तर ऑईलची धार कातडीत घुसते. इंजिन चालू केल्यावर गेजही कमी दाखवत असेल तर दोष पंपात, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये किंवा फिल्टरमध्ये आहे. सेन्सर बिचारा खरे बोलतो आहे. गेज बरोबर आणि पडदा कमी दाखवत असेल तर मल्टिमीटर घ्यावा. बहुतेक सेन्सरना तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. कपलर काढून पुरवठ्याचे ५ व्होल्ट येतात का ते पाहावे. येत नसतील तर वायर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल. पुरवठा आणि अर्थिंग ठीक असेल तर कपलर पुन्हा जोडून सिग्नल मोजावा. बऱ्याच सेन्सरमध्ये शून्य प्रेशरला ०.५ आणि पूर्ण प्रेशरला ४.५ व्होल्ट मिळतात. म्हणजे ४० बारचा सेन्सर २५ बारला ३ व्होल्ट देणार. गेज २५ दाखवतो आणि सिग्नल १ व्होल्टवर अडकला आहे, तर सेन्सर गेला. सिग्नल बरोबर असूनही पडदा चुकतो, तर पुढची वायर हलवून पाहावी.

अर्ध्या तासाचे काम. मग अडते कुठे? टेस्ट पोर्ट कोणता, बार किती हवेत, कोडचा अर्थ काय, हे ज्या पुस्तकात आहे ते कंपनी देत नाही. आमच्या कार्यकर्त्याने नवा सेन्सर बसवला तरी कोड जाईना. तो पुसायला पुन्हा तोच लॅपटॉप आणि पुन्हा दोन दिवस!

तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागायला शरद जोशींनी आपल्याला शिकवले. लायसन्स-परमिट राज सरकारचे असो की कंपनीचे, शेतकऱ्याच्या मानेवरचे जू सारखेच. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला. शेतीयंत्राचे सुटे भाग, मॅन्युअल, सॉफ्टवेअर आणि हत्यारे शेतकऱ्याला व स्वतंत्र मिस्त्रीला देणे २०२४ पासून तिथे बंधनकारक झाले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दुरुस्तीची मक्तेदारी केल्याबद्दल जॉन डिअर कंपनीवर दावा लावला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. त्यात शेती अवजारेही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मनात आले तर कंपनी माहिती टाकेल, नाही तर नाही.

सरकारच्या हातात एक लगाम आहे. ऊसतोडणी यंत्रासाठी २०२३ साली महाराष्ट्रात किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान जाहीर झाले. अनुदान शेतकऱ्याच्या नावाने आणि विक्री कंपनीची! मग जी कंपनी सर्व्हिस मॅन्युअल, कोडची यादी, प्रेशरचे आकडे आणि कोड पुसण्याचे साधन विक्रीबरोबर मराठीत देणार नाही, तिचे यंत्र अनुदानाच्या यादीत नको. कंपन्या म्हणतील की अडाणी हातांनी यंत्र बिघडेल, सुरक्षा धोक्यात येईल. चाळीस वर्षे ट्रॅक्टरचे गेअरबॉक्स उघडणारे हात अडाणी कसे? धोका असेल तर तो पुस्तकात लिहा, पुस्तक लपवू नका.

जिल्हा बैठकीत हा ठराव येणार आहे. यंत्रमालकांनी दोन हंगामांतली दुरुस्तीची बिले, पडद्यावरच्या कोडचे फोटो आणि यंत्र किती दिवस उभे राहिले याच्या तारखा सोबत आणाव्यात. तालुक्यातल्या मिस्त्री आणि वायरमन मंडळींनाही घेऊन यावे. दुपारच्या सत्रात गेज आणि मल्टिमीटर लावून ही तपासणी प्रत्यक्ष यंत्रावर करून दाखवली जाईल.