नटीला भाव, आजी बिनभावाची

परवा मी माझी आजी विकायला काढली.

लाज वाटली का म्हणाल, तर वाटली. पण पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती. बायकोच्या कानातलं आधीच गहाण पडलेलं. घरात विकण्यासारखं एकच उरलं होतं, भिंतीवरचं चित्र. तीन फूट बाय चार फूट. मांजरपाटावर तेलरंग. माझ्या बापानं काढलेली त्याची आई.

१९७२ च्या दुष्काळात आजी गावाकडं सरकारी कामावर खडी फोडायची. मिलोची भाकर आणि वाटपातली सुकडी, त्यावर दिवस काढलेले. १९७३ साली बापानं तिला मुंबईला आणली, एका सुट्टीच्या दिवशी खोलीत समोर बसवली आणि रंगवली. डोक्यावर पदर, हातात हातोडा, पुढ्यात खडी. तिचे डोळे आपल्याकडं नाहीत, दगडाकडं आहेत. नजर हलली की हातोडा बोटावर बसतो, हे तिला माहीत होतं आणि तिच्या पोराला माहीत होतं.

बाप सिनेमाचे बॅनर रंगवायचा. फोटोवर चौकोन आखायचे, तेच चौकोन मोठे करून कापडावर आखायचे, मग नटाचं नाक एकानं, नटीचे ओठ दुसऱ्यानं. मजुरी चौरस फुटावर. पिक्चर उतरला की कापड परत कारखान्यात, त्यावर सरस-सफेद्याचा हात, आणि त्याच कापडावर दुसरा पिक्चर. कापड फाटलं की फेकून द्यायचं. असल्याच फेकलेल्या कापडाचा तुकडा मुकादमाला विचारून बापानं घरी आणला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर आजी. मागच्या बाजूवर कुठल्या तरी नटीचा एक डोळा. दीड फुटाचा, काजळ घातलेला. वर अर्धी भुवई, खाली गालाची लाली. तो डोळा आम्ही पन्नास वर्षं भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

चादरीत गुंडाळून चित्र टॅक्सीत घातलं आणि दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात नेलं. जुनी चित्रं घेतात-विकतात असलं दुकान. नाव लिहीत नाही. आत एसी. माणूस सभ्य. पाणी दिलं. पहिल्यांदा त्यानं भिंग काढून आजीच्या गालाला लावलं. मी म्हटलं, काय बघता? म्हणाला, छापील आहे का ते बघतो. लोक पणजोबाच्या काळातला ओरिजिनल रविवर्मा म्हणून घेऊन येतात आणि निघतो छाप. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला निघाला, पुढं मळवलीला गेला. छापावर व्हार्निश मारून तेलरंगाची चकाकी आणायचे. साध्या डोळ्याला फसवतं, पण भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. ब्रशाचा फटकारा वेगळा.

आजीत ठिपके नव्हते. "ओरिजिनल आहे," तो म्हणाला. माझी छाती फुगली.

मग प्रश्न सुरू झाले.

सही कुठंय? नाही. साल? कापडावर नाही. कुठल्या प्रदर्शनात लागलं होतं? आमच्या खोलीत. कॅटलॉग? पावती? तुमच्या आधी कुणाच्या ताब्यात होतं? बापाच्या. त्याला काही कागद?

बापाच्या नावाचा कागद म्हणजे रेशनकार्ड. बाप १९९८ साली गेला. दोन-दोन फुटी अक्षरांत त्यानं हिरोंची नावं रंगवली, स्वतःचं नाव कधी बोटभर लिहिलं नाही. बॅनरच्या कोपऱ्यात नाव कारखान्याचं असायचं. सही करायची सवयच त्या हाताला लागली नाही.

दुकानदार म्हणाला, "हे बघा, जुनं आहे म्हणून महाग होत नाही. ओरिजिनल आहे म्हणूनही होत नाही. कुणी काढलं, ते सिद्ध होतं का, कुणाकुणाच्या हातातून आलं, त्याच माणसाचं आधी काय भावानं गेलं, आणि आज दोन गिऱ्हाइकं त्यासाठी भांडतील का. एवढंच बघतात."

बोलता बोलता त्यानं चित्र उलटं केलं.

"अरे वा! हे तर हातानं रंगवलेलं बॉलिवूड!"

त्यानं आजीला टेबलावर पालथी घातली आणि नटीच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. पंचवीस हजार देतो म्हणाला. नवीन चौकट करू, ही बाजू दर्शनी ठेवू. मी विचारलं, आणि माझी आजी? म्हणाला, "ती मागं राहील. तिला काही होणार नाही."

तिला काही होणार नाही! साला, तिला काय व्हायचं राहिलंय?

चादर उचलली, आजी गुंडाळली, घरी आलो.

दोस्तांनो, रागानं लेख लिहून होतो, फी भरून होत नाही. म्हणून घरी बसून हिशोब मांडला. नटीचा डोळा आणि आजीचा हातोडा, दोन्ही एकाच बापाच्या हातचं. रंग तोच, अळशीचं तेल तेच, कापड तर एकच. मग एका बाजूला पंचवीस हजार आणि दुसऱ्या बाजूला शून्य, हे आलं कुठून?

हुसेनचं उदाहरण घ्या. हुसेनही याच मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवायचा. माझ्या बापाच्या आधीचा, पण धंदा तोच, शिडी तीच. १९५४ साली त्यानं 'ग्रामयात्रा' काढलं. चौदा फुटांच्या आसपास लांब, त्यात खेड्यातले तेरा प्रसंग. दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरनं ते चौदाशे रुपयांच्या आसपास घेतलं. १९६४ साली ते नॉर्वेतल्या ऑस्लोच्या हॉस्पिटलकडं गेलं आणि कितीतरी वर्षं तिथंच भिंतीवर राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ते आलं. लिलावाआधी जाणकारांनी अंदाज केला होता २५ ते ३५ लाख डॉलर. गेलं १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला. म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास. आधुनिक भारतीय चित्राचा तोवरचा विक्रम.

या सत्तर वर्षांत त्या चित्रावर रंगाचा एक फटकारा वाढला नाही. वाढलं काय? हुसेनचं नाव वाढलं. आणि डॉक्टरकडून हॉस्पिटल, हॉस्पिटलकडून लिलाव, ही कागदाची साखळी कुठं तुटली नाही. हुसेन २०११ सालीच वारला होता. पैसा गेला ज्याच्या हाती कागद होता त्याच्याकडं. जाणकारांचा अंदाज तर चौपटीनं चुकला, कारण दोन श्रीमंत माणसं किती हट्टाला पेटतील हे कुठल्या भिंगातून दिसत नाही.

सरकारकडंही एक यादी आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांची चित्रं देशाचा ठेवा ठरली, ती विकायला देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी, रोरिक, आणि तीन टागोर: रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, अवनींद्रनाथ. नवातले तिघं एका घरचे, काका आणि दोन पुतणे! त्यांच्या ब्रशाशी माझं भांडण नाही. मोठी माणसं होती. पण ज्या घरात पत्रं जपली जातात, चरित्रं लिहिली जातात, वाड्याचं संग्रहालय होतं, त्या घरातलं चित्र हरवत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चित्र पावसाळ्यात गळतीखाली कुजतं. ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती भाव. कुळकर्ण्याच्या दप्तराचा महिमा आपल्याला काय नवीन आहे का?

आता जरा आपल्याकडं बोट. आपल्या वस्त्यांत हातानं काढलेली चित्रं किती होती! विहारात, व्यायामशाळेत, मंडळाच्या खोलीत, जयंतीच्या स्टेजमागं. फ्लेक्स आला आणि आपणच ती माळ्यावर टाकली. नंतर बिल्डर आला, माळाही गेला. बाबासाहेबांचं जे चित्र लहानपणापासून बघितलं ते कुणी काढलं, विचारा कुणाला. "होता कोण तरी पेंटर." शिकलेल्या, कमावत्या पोरांचं हे उत्तर. दुकानदारानं माझ्या बापाचं नाव विचारलं तरी. आपण तेवढंही विचारत नाही.

एका मित्रानं अक्कल दिली. म्हणाला, तूच ठोक ना सही, बापाचीच तर आहे, कोण बघतंय? बघतात. जुन्या रंगाला बारीक भेगा पडलेल्या असतात. मागाहून केलेल्या सहीचा रंग त्या भेगांत उतरतो आणि भिंगाखाली चोरी दिसते. आणि नसती दिसली तरी मी केली नसती. बापाला उभ्या आयुष्यात कुणी सही करू दिली नाही. आता त्याच्या जागी खोटी मारून त्याला बनावट करू?

खरा मार्ग कंटाळवाणा आहे. बापाचा जोडीदार अजून आहे. वय ऐंशीच्या पुढं, अंथरुणावर. आजीला घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ह्यो हात तुझ्याच बापाचा हाय. सावलीत निळा घालायची खोड त्याची. मुकादम शिव्या द्यायचा, निळा महाग म्हणून." मी जवळ जाऊन बघितलं. आजीच्या पदराच्या सावलीत निळा होता. पन्नास वर्षं माझ्या डोळ्यासमोर होता, मला दिसला नव्हता.

काका बोलले ते मी लिहून घेतलं. बापाचं पूर्ण नाव, गाव, कारखाना, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, हे चित्र कधी आणि कुणाचं. खाली काकांची सही, दोन साक्षीदार, तारीख. दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं नाव आणि साल लिहिलं आणि खाली मी लिहिल्याची तारीख टाकली, म्हणजे उद्या कुणी त्याला बापाची सही म्हणू नये. कापडाला पेन लावला नाही. कुणी सांगितलं, साबणाच्या पाण्यानं पूस, लख्ख होईल. ऐकलं नाही. घरगुती धुलाईनं चित्रं मरतात.

आणि एक कायदा सापडला. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ५३अ घातलं गेलं. मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला वाटा मागता येतो. दहा टक्क्यांच्या आत, आणि चित्रकाराच्या मरणानंतर साठ वर्षं. म्हणजे मी विकलेलं चित्र उद्या दुकानदारानं पाच लाखाला फुंकलं, तर २०५८ पर्यंत माझा हक्क उभा आहे. अट एकच, चित्राचा पहिला हक्कदार चित्रकार स्वतः असला पाहिजे. पगारी नोकरीत मालकासाठी काढलेलं काम मालकाचं. याचा अर्थ कळला का? कारखान्यात रंगवलेल्या नटीवर मालक हक्क सांगू शकतो. आजी मात्र सोळा आणे बापाची. दुकानात जिला शून्य किंमत, कायद्यात हक्क तिच्यावरच. पण तो हक्क मागायलाही आधी बापाचं नाव सिद्ध करावं लागतं. पुन्हा कागद.

म्हणून सांगतो. घरात, विहारात, मंडळात हातानं काढलेलं काही असेल, तर या रविवारी भिंतीवरून उतरवा आणि मागची बाजू बघा. म्हातारे जोडीदार जिवंत आहेत तोवर नावं लिहून घ्या. विकायची वेळ आली तर एका दुकानात विकू नका, तीन ठिकाणी विचारा आणि भाव लिहून मागा. विकू नका असं मी म्हणत नाही. गरिबाला वारसा जपायचे उपदेश करणारे त्याच्या पोरांची फी भरत नाहीत.

पोरीची फी पतपेढीचं कर्ज काढून भरली. आजी परत भिंतीवर आहे, तोंड खोलीकडं, नजर दगडाकडं. हप्ता थकला तर तिला पुन्हा चादरीत गुंडाळावं लागेल. पण त्या वेळी कागद हातात असेल. आणि टेबलावर ठेवताना मी आधीच सांगीन, आजीचा काय भाव देता ते बोला. नटीचं मागून बघू.