‘येथे’ म्हणजे नेमके कोठे?



या अंकासाठी आलेले निबंध एकत्र करण्याचे काम या वेळी आमच्याकडे होते. रायगडावरच्या एका निबंधात वाक्य होते, ‘राज्याभिषेकाची माहिती येथे आहे.’ त्यातला ‘येथे’ निळा, खाली रेघ मारलेला. संगणकावर त्यावर टिचकी मारली की इंग्रजी पान उघडते. पण आपला अंक निघतो झेरॉक्सवर. नमुन्याच्या प्रतीत निळ्याचा करडा झाला आणि आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी विचारले, “येथे म्हणजे कोठे? पान क्रमांक राहिला का?” आम्ही म्हटले, “आई, तो दुवा आहे.” त्या म्हणाल्या, “दुवा देतात हे ठाऊक होते, कागदावर छापतात हे आजच कळले!”

आमचा पोटापाण्याचा धंदा संगणकाचा, तेव्हा दुव्याशी आमचे वैर नाही. मात्र आमच्या मते, दुवा काढून घेतला तरी वाक्य उभे राहिले पाहिजे. टेड नेल्सन यांनी ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द १९६५ मध्ये मांडला, पण एका मजकुरातून दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची कल्पना छापील कोशांत आधीपासून होतीच. आपला मराठी विश्वकोश उघडून पाहा. नोंदीत मध्येच बाण असतो, किंवा शेवटी ‘पहा’ आणि पुढे दुसऱ्या नोंदीचे नाव. नाव दिलेले असल्यामुळे वीज गेली तरी तो दुवा चालतो!

हा काही केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. सिडनी ऑलिम्पिकच्या वेळची गोष्ट आपल्यापैकी काही पालकांना आठवत असेल. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी १९९९ मध्ये आयोजन समितीच्या संकेतस्थळाविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना आणि चित्रांतल्या दुव्यांना शब्दच जोडलेले नव्हते, त्यामुळे पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तेथे काय आहे ते सांगता येईना. ऑगस्ट २००० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढे वीस हजार डॉलर भरपाईही ठरली. असे यंत्र वापरणारी माणसे पुष्कळदा पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी ऐकतात. त्या यादीत दहा वेळा ‘येथे, येथे, येथे’ आले तर त्यांनी काय समजावे? ‘रायगडाचा नकाशा’ असे लिहिले की काम झाले.

आमची खरी तक्रार मात्र वेगळी आहे. मुले दुवा कोठे घालतात ते आम्ही नीट पाहिले. जेथे मराठी शब्द अडतो, नेमके तेथेच! शाळेत इंग्रजीत जे सहज सांगता येते ते मराठीत सांगताना अडखळायला होते, मग तेवढा भाग इंग्रजी पानावर सोपवून मोकळे. शनिवारची सकाळ आपण त्या अडखळण्यासाठीच तर घालवतो. (आम्ही पालकही घरी तेच करतो, वाक्याच्या मध्येच इंग्रजीत शिरतो. असो.)

पाने नाहीशीही होतात. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले आणि हौशी मंडळींची कितीतरी पाने त्याबरोबर गेली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर जुन्या वर्तमानपत्रांतल्या प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता असतो, तो जरूर द्या, पण शेजारी वर्तमानपत्राचे नाव आणि तारीखही लिहा.

रायगडाचा निबंध आम्ही परत पाठवला होता. आता तेथे असे आहे: ‘१६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यासाठी काशीहून गागाभट्ट आले होते.’ एवढ्यासाठी अर्धा तास आणि आजीला दोन फोन लागले म्हणे. इंग्रजी पानाचे नाव निबंधाच्या शेवटी आहेच.